बर्फाचे चोवीस खडे

"सोनवणे, हा नळ नाही लावायचा," नाना म्हणाले.

ते ओट्याखालच्या कपाटासमोर पाटावर बसले होते. डावा हात तळवा वर करून मांडीवर ठेवलेला. डायलिसिसच्या सुया टोचायला त्या हातात शिरांची जोडणी केलेली होती, म्हणून नाना तो हात दुसऱ्या कुणाचं तरी लेकरू सांभाळायला घेतल्यासारखा जपत असत. समोर प्लंबर सोनवण्यांनी सामान मांडलं होतं: पांढरी बारीक नळी, तीन तोंडांचा पितळी टी, टेपचं रीळ आणि एक चकचकीत नवा अँगल कॉक.

"का हो नाना? चांगला आहे की."

"चांगला असेल. पण त्याला बोलता किती येतं? हो आणि नाही. जरा फिरवला की चालू, उलटा फिरवला की बंद. मधलं काही त्याला कळत नाही."

आईने आतून जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी आणून त्यांच्यासमोर ठेवलं. आत एक छोटा पितळी व्हॉल्व्ह होता, वर गोल चाक असलेला. सोनवण्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि असा आता बाजारात मिळत नाही म्हणाले.

"रिटायर होताना लोकांना घड्याळं मिळतात," नाना म्हणाले. "मला स्टोअरकीपरने हा दिला."

नाना, माझे वडील, आमच्या गावच्या नगरपालिकेत व्हॉल्व्हमन होते. लोखंडी चावी खांद्यावर टाकून सायकलने गावभर फिरायचं, ठरल्या वेळी ठरल्या पेठेचं पाणी सोडायचं आणि बंद करायचं, हे काम त्यांनी एकतीस वर्षं केलं. चाकाचा पूर्ण एक फेरा म्हणजे एक आटा. कुठल्या पेठेला किती आटे हे त्यांच्या हाताला पाठ होतं. पाणी बारीक आलं की बायका कळशा घेऊन रस्त्यात त्यांची सायकल अडवायच्या, आणि त्यावर त्यांचं एकच उत्तर असायचं: "वरूनच कमी आहे." वर म्हणजे टाकीत, धरणात, आभाळात, ज्याने त्याने समजून घ्यावं. पण पाणी बंद करताना ते चाक लगेच पूर्ण आवळत नसत. पाव आटा उघडा ठेवून दहा मिनिटं तिथेच बिडी ओढत बसत. लाइनीच्या टोकाच्या घरांना पाणी सगळ्यांत शेवटी पोचतं, त्यांच्या निदान दोन कळशा भराव्यात म्हणून. हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

त्या वर्षी ते आणि आई नाशिकला माझ्याकडे राहायला आले होते. मी एकटीच राहायचे, सातपूरला औषधांच्या कारखान्यात तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी करायचे. नानांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी चार तास डायलिसिस. लघवी जवळजवळ बंद, म्हणजे प्यायलेलं पाणी पुढच्या डायलिसिसपर्यंत अंगातच राहणार. त्यात हृदयही अशक्त झालेलं. डॉक्टरांनी दिवसाला आठशे मिलिलिटरची मर्यादा घालून दिली होती. चहा, औषधांबरोबरचं पाणी, आमटी, ताक, सगळं धरून. त्यावर गेलं तर पाणी फुप्फुसांत चढेल, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

गावाला पाणी सोडणाऱ्या माणसाला मी दिवसाकाठी आठशे मिलिलिटर देत होते. लॅबमधला मापाच्या खुणा असलेला जुना काचेचा नळा घरी आणला होता. त्यातून मी सगळं मोजायचे आणि वहीत लिहायचे. नाना तक्रार करत नसत. फक्त दुपारी जीभ टाळूला चिकटायची, तेव्हा बोलताना त्यांचा टक्‌ असा आवाज यायचा. तो आवाज आला की आई उठून दुसऱ्या खोलीत जायची.

डायलिसिस सेंटरमधल्या आहारतज्ज्ञ बाईंनी सुचवलं की पाण्याचा काही वाटा बर्फाने द्या. एक खडा तोंडात पाच-सात मिनिटं टिकतो, तेवढ्याच पाण्याचा घोट पाच सेकंदात संपतो. माझा भाऊ देवदत्त तेव्हा दोन वर्षांसाठी जर्मनीला निघाला होता. त्याने पुण्याचा त्याचा मोठा, बर्फ आपोआप तयार करणारा फ्रिज टेंपोत घालून आमच्याकडे पाठवला. त्याला पाण्याची स्वतंत्र जोडणी लागत होती. म्हणून सोनवणे आले होते.

त्यांनी ओट्याखालच्या पाइपला टी बसवला, टीला नानांचा व्हॉल्व्ह, पुढे छोटा फिल्टर, आणि तिथून पांढरी नळी भिंतीच्या कडेने फ्रिजच्या मागे नेली. सगळं होईपर्यंत नाना पाटावरून हलले नाहीत. टेप किती वेढे गुंडाळायची, पाना कुठवर आवळायचा, सारखं चालूच होतं. शेवटी सोनवणे म्हणाले, "नाना, तुम्हीच करा, मी मजुरी घेऊन बसतो." नाना खूप दिवसांनी हसले.

मी फ्रिजची पुस्तिका वाचत होते. बर्फाच्या साच्यात पाणी सोडणारी झडप ठरावीक सात सेकंद उघडते, असं तिच्यात होतं. मी ते मोठ्याने वाचलं. आमचा फ्लॅट तळमजल्यावर, टाकी पाचव्या मजल्याच्या गच्चीवर. सोनवण्यांनी विचारलं, व्हॉल्व्ह पूर्ण उघडू का?

"एक आटा," नाना म्हणाले. "सुरुवात नेहमी एका आट्याने करावी. नवी लाइन घाबरट असते."

त्यांनी स्वतःच्या हाताने चाक फिरवलं. दोन तासांनी फ्रिजच्या पोटात खडखड झाली आणि आठ खडे पडले, चंद्रकोरीच्या आकाराचे. पहिल्या दोन खेपा मी फेकून दिल्या. मग चोवीस खडे घेतले, झाकून वितळवले आणि नळ्यात मोजले. दोनशे चौसष्ट मिलिलिटर. एका खड्याला अकरा. दिवसाला चोवीस खडे द्यायचे, असं मी ठरवलं आणि आठशेच्या बाकीच्या वाटण्या त्याप्रमाणे बदलल्या.

रोज सकाळी कामावर जाण्याआधी मी चिमट्याने चोवीस खडे एका डब्यात मोजून ठेवायचे. आई ते दिवसभर एकेक करून द्यायची. दुपारचा तो टक्‌ आवाज थांबला. नाना खडा एका गालातून दुसऱ्या गालात फिरवत पेपर वाचत बसायचे. आईने एकदा मला सांगितलं, आज ते जेवणानंतर सायकलच्या गोष्टी सांगत होते. महिनाभर सगळं नीट चाललं.

मग वजन वाढायला लागलं.

डायलिसिसला गेलं की आधी वजन करतात. मागच्या वेळेपेक्षा जेवढं जास्त, तेवढं पाणी. किती वाढ व्हायला हवी हे मी आधीच काढून ठेवलेलं असे, आणि पहिला महिना माझा अंदाज पन्नास ग्रॅमच्या आत बरोबर येत होता. नंतर फरक पडू लागला. शंभर, मग दोनशे, मग आणखी. मशीन तेवढं पाणी काढायला गेलं की नानांचं ब्लडप्रेशर कोसळायचं, म्हणून सगळं काढता येत नसे. थोडं थोडं मागे राहत गेलं. घोट्यांवर सूज आली. रात्री दोनच्या जागी तीन उशा लागायला लागल्या. डॉक्टरांनी मला आत बोलावून शांतपणे विचारलं, "घरात कोण देतंय?"

घरात माणसं तीन. मी दिवसभर बाहेर. नाना कपाटापर्यंत भिंत धरून जायचे, पण माठ आणि पिण्याच्या पाण्याचा फिल्टर मी उंच फळीवर ठेवला होता, आणि ओट्यावरच्या नळाचं पाणी ते पीत नसत, प्यायले असते तर वाकून ओठ लावताना चक्कर आली असती. राहिलं कोण?

शुक्रवारी संध्याकाळी मी आईला वही दाखवली. ती मेथी निवडत होती.

"आई, तू त्यांना पाणी देतेस का?"

तिने मेथीची आणखी एक काडी उचलली. मी पुन्हा विचारलं. मी आवाज चढवला नव्हता, हे मला आठवतं. मला वाटतं, चढवला असता तर बरं झालं असतं. मी तिला आकडे वाचून दाखवले. फुप्फुसात पाणी गेलं तर माणूस कसा गुदमरतो तेही सांगितलं, जसं लॅबमधल्या नव्या मुलींना ॲसिडची बाटली कशी धरायची ते सांगायचे, तसं.

"हो," आई म्हणाली. "देते मी."

"किती?"

"मोजत नाही."

आतल्या खोलीत नाना जागे होते. दार उघडं होतं.

दुसऱ्या दिवशी मी आईला सिन्नरला मावशीकडे पाठवून दिलं. दहा दिवस राहून ये, तुलाही विश्रांती होईल, असं म्हटलं. विश्रांती हा शब्द आम्हा दोघींनाही खोटा वाटला. तिने पिशवीत दोन लुगडी भरली. निघताना मला एवढंच सांगितलं की नानांना दुपारचा खडा उन्हाची तिरीप खिडकीतून खाली उतरली की लागतो, घड्याळ बघत बसू नकोस. मी ते वहीत लिहिलं नाही.

मी रजा घेतली. सबंध दिवस घरात, नानांसमोर. त्यांच्या ओठांत जे गेलं ते सगळं माझ्या हातून गेलं. आमच्यात बोलणं फारसं होत नव्हतं. एकदा त्यांनी विचारलं, "तुझी आई फोन करते का?" मी म्हटलं, करते. ते म्हणाले, "तिला म्हणावं, ये." मी म्हटलं, वजन उतरू दे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मग खडा दुसऱ्या गालात सरकवला.

सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी, तिन्ही वेळा वजन जास्त भरलं. आई असताना जेवढं भरत होतं, तेवढंच. मी वजनकाटा बदलून मागितला, तरी तेच. पुढच्या सोमवारी सकाळी नानांना उशांवरही टेकवेना. पलंगाच्या कडेला बसून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून ते श्वास ओढत होते. प्रत्येक श्वासाला आतून बुडबुडे फुटल्यासारखा आवाज येत होता. रिक्षात मी त्यांना पाठीमागून धरून बसले. सेंटरमधल्या तंत्रज्ञाने, कुरणेंनी, आधी ऑक्सिजन लावला आणि मग वजन घेतलं. डॉक्टर म्हणाले, आज काढू, पण हृदय असं आणखी किती वेळा सहन करेल सांगता येत नाही.

चार तास बाहेरच्या बाकावर बसायचं होतं. मी वही उघडली. पाणी देणारी बाई घरात नाही, आणि वाढ आहे तशीच. प्रयोगशाळेत असं झालं असतं तर मी एका मिनिटात म्हटलं असतं की आपण चुकीच्या बाटलीवर संशय घेतोय. घरात मला दहा दिवस लागले.

मी या दहा दिवसांतले नुसते जादा आकडे एका ओळीत लिहिले. दोन दिवसांचं अंतर असलं की तीनशे चाळीसच्या आसपास. शनिवार-रविवार धरून तीन दिवसांचं असलं की पाचशे दहा. दिवसाला भागले. एकशे सत्तर. एकशे सत्तर. एकशे सत्तर. मी पेन खाली ठेवलं. दया इतकी नियमित नसते. चोरीही नसते. एक दिवस माणूस पेलाभर देईल, दुसऱ्या दिवशी घाबरून काहीच देणार नाही. इतकं सारखं फक्त माझंच माप असायचं. आणि घरात रोज मोजून दिली जाणारी, पण पहिल्या दिवसानंतर कधीच न मापलेली एकच गोष्ट होती.

कुरणेंना सांगून मी घरी आले. डब्यातून दहा खडे काढले, कोमट पाण्याच्या पातेल्यात भांडं ठेवून वितळवले, नळ्यात ओतले. एकशे ऐंशी. एका खड्याला अठरा. सात जास्त, चोवीस वेळा.

ओट्याखालचं कपाट उघडून मी जमिनीवर बसले. पितळी चाकाला धूळ नव्हती. मी ते बंद करत गेले आणि मोजत गेले. अर्धा, एक, दीड, दोन, अडीच. झडप सातच सेकंद उघडत होती. त्या सात सेकंदांत नानांनी जास्त पाणी बसवलं होतं. एकदम नाही, एकदम केलं असतं तर माझ्या नजरेला आलं असतं. तीन आठवड्यांत थोडं थोडं, पाव-पाव आट्याने. खड्यांची लांबी तीच राहिली आणि जाडी वाढत गेली. मी रोज चिमट्याने उचलत होते, पण माझं लक्ष चोवीसवर होतं.

मी मावशीकडे फोन केला. आईला म्हटलं, ये. तिने का म्हणून विचारलं नाही. दुपारच्या एसटीने ती आली तेव्हा मी अजून त्या कपाटासमोरच होते. दाराशी चपला काढून ती सरळ स्वयंपाकघरात आली, उघडं कपाट पाहिलं आणि माझ्याजवळ पाटावर बसली.

"कसे आहेत?"

"कुरणेंचा फोन आला होता, दम कमी झालाय. पाचला सोडणार आहेत." मग मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"मला कुठे आटे कळतात? नळ बघायची सवय आहे त्यांना, बघत असतील, असं वाटायचं." तिने आत वाकून चाकाकडे पाहिलं. "खडा मोठा झालाय ते दिसायचं. गाल फुगायचा त्यांचा. आधी नाही फुगायचा."

"मग मला का नाही सांगितलंस? 'देते मी' असं का म्हणालीस?"

"तू विचारत नव्हतीस, वैजू. तुझं ठरलेलं होतं." तिने माझ्या हातातून फडकं घेतलं आणि जमिनीवर सांडलेलं पाणी टिपायला लागली. "आणि त्यांच्यावर गेली असतीस तर त्यांनी बर्फच सोडला असता. त्यांचा स्वभाव मला माहीत आहे. शरमेने मेले असते ते. म्हटलं, माझ्यावर काय, मावशीकडे तर मावशीकडे."

"ते गुदमरले, आई."

फडकं थांबलं. "ते मला कळलं नाही," ती म्हणाली. "गाल भरलेला दिसायचा, तेवढंच मी बघत होते." तिने पदराने तोंड झाकून घेतलं. मी तिची क्षमा मागायला हवी होती. मी म्हटलं, चहा टाकते. नंतरच्या वर्षांत कितीदा ठरवलं, पण ते वाक्य राहिलंच. आता तीही नाही.

चहा झाल्यावर मी परत खाली बसले. व्हॉल्व्ह पूर्ण बंद होता. मी एक आटा उघडला. हात काढून घेतला. मग पुन्हा चाक धरलं आणि आणखी पाव आटा उघडला. रात्री पडलेली खेप मोजली: एका खड्याला बारा. चोवीस खड्यांना चोवीस मिलिलिटर जास्त. तेवढे मी वहीत संध्याकाळच्या चहातून वजा केले.

नाना घरी आल्यावर संध्याकाळभर झोपून होते. आईला पाहून त्यांनी फक्त सिन्नरला पाणी कसं आहे ते विचारलं. एक दिवसाआड, आई म्हणाली. व्हॉल्व्हचा विषय मी काढला नाही, त्यांनीही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिरीप खिडकीतून खाली उतरली, तशी आईने वाटीतून खडा आणला. त्यांनी तो तोंडात ठेवला. त्या दिवशी मी वही बंद ठेवून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. गाल फुगला नाही. त्यांनी खडा जिभेने एका बाजूला नेला, दुसऱ्या बाजूला आणला, जरा थांबले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले,

"आज प्रेशर कमी आहे."

आईचा हात वाटीवरच राहिला.

"वरूनच कमी आहे, नाना," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, एकतीस वर्षं रस्त्यात बायका त्यांच्यासमोर हलवत तशी. खडा हळूहळू विरत होता. बऱ्याच वेळाने, तो संपत आला असेल तेव्हा, ते म्हणाले,

"पण टोकापर्यंत येतंय."